पाहुण्यांसाठी खारे पफ रोल आणि टार्टलेट: आदल्या दिवशी काय करून ठेवता येईल?

हौशी_भट्टी

सणानिमित्त घरी तीसेक पाहुणे आहेत. जेवण उशिरा, त्याआधी दोन तास गप्पा. तेव्हा हातात धरून दोन घासांत संपेल असं काहीतरी खारं ठेवायचं आहे. पफ पेस्ट्रीचे छोटे रोल, चीजच्या काड्या आणि मशरूमची टार्टलेट (सारण भरलेल्या पेस्ट्रीच्या छोट्या वाट्या), असं ठरवलंय. पफचे गोठवलेले तयार पत्रे वापरणार आहे. ओव्हन एकच, घरगुती, एका वेळी दोन ट्रे मावतात.

आदल्या दिवशी भाजून ठेवावं आणि ऐन वेळी गरम करावं, की कच्चंच ठेवावं? मध्यंतरी एका समारंभात खाल्लेले पफ वरून छान सोनेरी आणि खालून ओलसर, पिठूळ होते. तसं व्हायला नको आहे. काही जण अंडं खात नाहीत, तेही बघायचं आहे.

तिखटमीठ

मी सकाळी भाजून ठेवते आणि पाहुणे आले की १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं गरम करते. चालतं. फक्त मायक्रोवेव्ह नको, पापुद्रे चामट होतात. पुढे जेवण असेल तर माणशी पाच-सहा तुकडे पुरतात.

पापुद्रा

मी बरीच वर्षं एका हॉटेलच्या बेकरीत पहाटेच्या पाळीला काम केलंय आणि या प्रश्नावर माझं मत ठाम आहे: रोल भाजून ठेवू नका. कच्चे भरून गोठवा आणि गोठलेलेच ओव्हनमध्ये घाला. गरम केलेला पफ खाण्याजोगा असतो, पण ताज्या भाजलेल्या पफची सर त्याला येत नाही.

कारण सांगतो. पफ फुगतो तो वाफेवर. कणकेतलं आणि लोण्यातलं पाणी (लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं) उष्णतेने वाफ होऊन पदर वर उचलतं आणि लोण्यातली चरबी ते पदर एकमेकांना चिकटू देत नाही. पण लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं. ओव्हन पुरेसा तापलेला नसेल किंवा रोल बाहेर राहून मऊ पडले असतील, तर पदर उचलले जाण्याआधीच लोणी ट्रेमध्ये वाहून जातं. म्हणून पेस्ट्री जितकी गार आणि ओव्हन जितका कडक, तितकं चांगलं. फ्रीझरमधून थेट ओव्हनमध्ये जाणारा रोल याच कारणाने आकार छान धरतो. २०० अंश ठेवा, नेहमीपेक्षा चार-पाच मिनिटं जास्त द्या.

आता तुमचा तो ओला तळ. लोक पेस्ट्रीला दोष देतात, पण बहुतेक वेळा दोष सारणाचा असतो. मशरूममध्ये ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते तुम्ही कढईत घालवलं नाही, तर ओव्हनमध्ये पेस्ट्री ते पिते आणि मग कितीही भाजा, तळ कच्चाच लागतो. मशरूम बारीक चिरा, पसरट कढईत मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता परता. आधी पाणी सुटेल, मग आटेल. आवाज बदलेपर्यंत थांबा: खदखद थांबून चुरचुर ऐकू आली पाहिजे. अर्धा किलो मशरूमचं सारण वाडगाभरच उरेल, तेवढंच उरायला हवं. कांदाही तसाच. पालक असेल तर शिजवून फडक्यात घट्ट पिळा, मग पुन्हा एकदा पिळा. आणि सारण पूर्ण गार झाल्याशिवाय पेस्ट्रीला लावू नका. कोमट सारणानेसुद्धा लोणी भाजण्याआधीच मऊ पडतं. मी जिथे काम केलं तिथे सारण आदल्या रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवत असू. एवढी एक गोष्ट पाळलीत तर बाकी काही न करताही फरक कळेल.

दुसरा उपाय म्हणजे रिकामा ट्रे ओव्हनमध्येच तापवायचा आणि बेकिंग पेपरवर मांडलेले रोल कागदासकट त्यावर सरकवायचे. तळाला पहिल्या क्षणापासून आच मिळते. बाहेर काढल्यावर लगेच जाळीवर ठेवा, ट्रेवर राहिले तर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात.

कापताना सुरी धारदार हवी आणि सरळ खाली दाबायची, ओढायची नाही. बोथट सुरीने कडेचे पदर चिमटले जातात आणि तिथे पफ फुगत नाही. रंगासाठी वरून लावायचा अंड्याचा किंवा दुधाचा हातही कडेवरून ओघळू देऊ नका, तो डिंकासारखा पदर चिकटवतो. अंड्याऐवजी दूध किंवा साय लावा. सायीने रंग जास्त चांगला येतो. रोल तीन-चार सेंटीमीटरचेच ठेवा. मोठा रोल चावला की कपड्यांवर चुरा सांडतो आणि पाहुणे दुसरा घेत नाहीत.

काड्यांचं मात्र वेगळं. त्यांत ओलं सारण नाही, म्हणून त्या आदल्या दिवशी भाजून, पूर्ण गार करून हवाबंद डब्यात ठेवल्या तरी कुरकुरीत राहतात. रोलचे उरलेले तुकडे त्यांनाच वापरा. फक्त गोळा करून मळू नका, एकावर एक रचून लाटा, म्हणजे पदर शाबूत राहतात. चीज कोरडं आणि चवीला तीव्र घ्या, वरून भरड मिरी.

पत्रे घेताना घटक वाचा. लोण्याचे असतील तर ते घ्या. वनस्पती चरबीचे पत्रे हाताळायला सोपे असतात, कारण ती चरबी उशिरा वितळते. पण त्याच कारणाने खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहतो. लोण्याची चव लपत नाही, नसली तर तेही लपत नाही. पत्रे रात्रभर फ्रिजमध्येच सुटू द्या, ओट्यावर नाही.

हौशी_भट्टी

खूप आभार, सारणाचा मुद्दा डोक्यात नव्हता. दोन ट्रे एकदम भाजले तर चालेल? आणि टार्टलेटची वाटीपण पफचीच करू का?

पापुद्रा

दोन ट्रे चालतील, पण ओव्हनला आत पंखा नसेल तर रंग सारखा येत नाही. मध्येच वरचा खाली, खालचा वर करा. मात्र पेस्ट्री पूर्ण फुगून रंग धरू लागेपर्यंत दार उघडू नका. मी तर सगळं एकदम भाजणारच नाही. तुमच्याकडे दोन तास आहेत. दर अर्ध्या तासाने एक ट्रे घाला, म्हणजे शेवटच्या पाहुण्यालाही गरम मिळेल. चिकन किंवा खिम्याचं सारण असेल तर भाजलेले रोल दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका, हाही यातला फायदा.

टार्टलेटला पफ नको. वाटी फुगून सारण वर ढकलते. साधी खुसखुशीत पेस्ट्री करा: मैद्याच्या निम्मं गार लोणी, मीठ, आणि गोळा जेमतेम धरेल इतकंच बर्फाचं पाणी. साच्यात बसवून काट्याने टोचा, गार करा, वर कागद आणि कोरड्या डाळीचं वजन ठेवून आधी रिकामीच भाजा. या वाट्या एक-दोन दिवस आधी होतात. सारण पाहुणे यायच्या तासाभरात भरा आणि दहा मिनिटं गरम करा.

कुरकुर

फिलोचे त्रिकोणही धरा यादीत. फिलो म्हणजे कणकेचा कागदासारखा पातळ पत्रा, प्रत्येक थराला वितळलेलं लोणी, आत पालक आणि खारट चीज. अंडं लागतच नाही. काम करताना उरलेले पत्रे दमट फडक्याखाली ठेवा, नाहीतर पाच मिनिटांत तडकतात.

पापुद्रा

बरोबर. तेही कच्चेच गोठवता येतात. फ्रीझरमध्ये आधी ट्रेवर सुटे ठेवून दगडासारखे होऊ द्या, मगच पिशवीत भरा. नाहीतर त्यांचा एकच गठ्ठा होतो.