मदत हवी आहे: गवंड्यांना घेऊन पुण्याची आयुका बघायला जायचंय

मी साताऱ्यात लहान-मोठी बांधकामं घेतो. माझ्याकडं १८ माणसं आहेत. गवंडी, बिगारी आणि दोन पाथरवट. या सगळ्यांना एक दिवस पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका दाखवायची आहे. १९८८ साली जयंत नारळीकरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था, इमारतीचा आराखडा वास्तुविशारद चार्ल्स कोरियांचा.

डिप्लोमाला असताना मी ती बघितली होती. भिंतीला खाली आपलाच काळा दगड, त्यावर त्याहून काळा कडप्पा आणि माथ्याला आरशासारखा ग्रॅनाइट, त्यात ढग दिसतात. मधल्या चौकात कुंड आणि त्यातून बाहेर फेकल्यासारखे विखुरलेले दगड. विश्व पसरतंय, हे दगडात सांगितलंय. आमचे थोरले पाथरवट बापू साताऱ्याजवळच्या लिंब गावची जुनी दगडी बारा मोटेची विहीर बघायला गेले, तेव्हा तासभर दगडांच्या दरजांवरनं (सांध्यांवरनं) हात फिरवत होते. आपल्या हातातला दगड आजच्या काळात कुठवर गेलाय, हे त्यांनी बघायलाच पाहिजे. गुडघे पुरते धरायच्या आत.

आता अडचण. सहलींबद्दल जे वाचायला मिळतं ते सगळं शाळा-कॉलेजांचं. कामगारांच्या गटाला परवानगी मिळते का? अर्ज कुणाच्या नावे करायचा, किती दिवस आधी? रविवारी आत सोडतात का? नसतील सोडत तर मधल्या वारी जाऊ, मी सगळ्यांची पूर्ण हजेरी लावीन, कुणाचा खाडा धरणार नाही. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, सगळ्यांना प्रवेश असतो हे माहीत आहे, पण त्या गर्दीत भिंतीजवळ निवांत उभं राहता येणार नाही.

दुसरं, मराठीतून समजावून सांगणारं कुणी भेटेल का? दगडाचं मी सांगेन. पण तिथला फुकोचा लंबक मला नीट सांगता येत नाही. पृथ्वी फिरते म्हणून त्याची झोक्याची दिशा सरकते आणि पुण्यात पूर्ण फेरा व्हायला सुमारे ७५ तास लागतात, एवढंच ठाऊक आहे. रोज ओळंबा धरणाऱ्या माणसांना तो नक्की आवडेल.

गाडी मिनीबस आहे, पहाटे सहाला निघू. भाकरी-पिठलं घरनंच नेणार, तर बसून खायला आवारात झाडाखाली जागा मिळेल का? आणि कुंडाच्या दगडांवर ऊन कोणत्या वेळी चांगलं पडतं? ज्यांनी बघितलंय त्यांनी कृपया सांगा, त्याप्रमाणे वेळ ठरवतो.