पहिला टप्पा ‘परत आला’ म्हणजे नेमकं काय झालं?

सोळापानी

सातवी-आठवीच्या मुलांसाठी उपग्रह प्रक्षेपणावरची एक छोटी पुस्तिका मराठीत करते आहे. एका वाक्यावर अडले आहे. प्रसंग अमेरिकेतल्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचा. २१ डिसेंबर २०१५ च्या रात्री फ्लोरिडातून ११ उपग्रह घेऊन हे रॉकेट निघालं आणि त्याचा खालचा भाग परत येऊन जमिनीवर उभा उतरला. मी लिहिलं होतं: ‘सुमारे अडीच मिनिटांनी पहिला टप्पा वेगळा झाला आणि परत आला. दुसरा टप्पा पुढे गेला.’

सातवीतल्या भाच्याला वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, “पहिला टप्पा फसला का? मग दुसरा कसा सुरू केला?” त्याच्या डोक्यात टप्पा म्हणजे कामाचा भाग, वस्तू नव्हे. मला त्याचं चुकलं असं वाटत नाही.

दुसरी अडचण ‘पुनर्वापरयोग्य प्रक्षेपक’ची, म्हणजे पुन्हा वापरता येणाऱ्या रॉकेटची. मुलं मोठ्यानं वाचताना तिथे हमखास अडखळतात. संपादकांचा आग्रह ‘पुनरुपयोगी प्रमोचन यान’चा आहे, म्हणजे आणखीच अवघड. काय करावं?

लाल डबा

भाचा बरोबर आहे. माझे वडील एसटीत वाहक होते. भाडं टप्प्यावर ठरायचं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. घरी रात्री हिशेब चाले तेव्हा ‘चार टप्पे, सात टप्पे’ हेच कानावर पडायचं. टप्पा म्हणजे अंतर. अंतर परत येत नाही, गाडी परत येते.

नळी आणि नोझल

मी याच क्षेत्रात काम केलं आहे म्हणून सांगतो, टप्पा बदलू नका. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचे चार टप्पे, पहिला घन इंधनाचा, दुसरा द्रव, तिसरा घन, चौथा द्रव, हे मराठीत कितीतरी वर्षं असंच लिहिलं जातंय. शब्द रुळला की त्याला नवा अर्थ मिळतो, आणि तो अर्थ मुलांनी शिकायचा असतो. भाच्याला एक चित्र दाखवा, प्रश्न मिटेल.

सोळापानी

चित्र आहेच. पण पुस्तिका मोठ्यानं वाचली जाते तेव्हा चित्र एकाच्याच हातात असतं.

गल्लीतला यष्टिरक्षक

आमच्या गल्लीत ‘एक टप्पा आउट’ होता. मुलांना टप्पा म्हटलं की आधी जमिनीवर आपटून उसळणारा चेंडू आठवणार. परत येणाऱ्या रॉकेटबद्दल तर हे फारच घातक! उसळला म्हणजे गेलाच की तो.

रफार

टप्प्याचं नंतर पाहू. ‘पुनर्वापर’वर कोणीच का बोलत नाही? पुनर् हा संस्कृत उपसर्गासारखा शब्द, वापर हा घासून मराठी झालेला (व्यापार पासून आला असं मानतात). हा जोड मला कायम खटकतो. आणि एकदा पुनर् चिकटवायची सवय लागली की लोक ‘पुनर्चक्रीकरण’ लिहितात. संधी करायचाच तर पुनश्चक्रीकरण होईल, जसं ‘पुनश्च’. ‘पुनर्प्रक्षेपण’ही तसंच, तिथे पुनःप्रक्षेपण हवं. संपादकांचा ‘पुनरुपयोगी’ निदान शुद्ध आहे.

प्रमोचनही वाईट नाही. प्रक्षेपणात क्षिप् आहे, फेकणं. फेकलेली वस्तू परत हवी असते का? प्रमोचनात मुच् आहे, मोकळं करणं. जे मोकळं केलं ते परत येऊ शकतं.

थेट दुपारी

पण प्रमोचन मराठीत कोण म्हणतं? ते हिंदी फलकांवर वाचायला मिळतं. प्रक्षेपण घराघरात गेलंय ते टीव्हीमुळे. आकाशवाणीचं प्रसारण आणि दूरदर्शनचं प्रक्षेपण, ही वाटणी आमच्या पिढीला पक्की ठाऊक आहे. पंचाईत फक्त एवढीच की श्रीहरिकोट्याहून ‘प्रक्षेपणाचं थेट प्रक्षेपण’ असतं, तेव्हा मी उड्डाण म्हणते. ‘उपग्रह सोडला’ हा तर सगळ्यात सरळ शब्द आहे. माझी आजी तसंच म्हणायची.

चिंचेचं झाड

फेरवापर म्हणा ना. फेरविचार, फेरतपासणी, फेरमतदान यांना कोणी अडखळत नाही. ‘फेरवापराचं रॉकेट’. संपलं.

रफार

तुमचीच उदाहरणं पाहा. फेरमतदान कधी होतं? पहिल्यात घोळ झाला तर. फेरतपासणी कधी मागतात? पहिल्या गुणांवर विश्वास नसेल तर. मराठीत ‘फेर’ लागला की आधीचं धड झालं नव्हतं असा वास येतो. इथे तर पहिलं उड्डाण उत्तम झालं म्हणून दुसरं होतंय.

चिंचेचं झाड

हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. मान्य. फेरफटक्यात तो वास नाही, पण फेरफटक्यानं रॉकेटचं काम भागणार नाही.

लाल डबा

मग फेरी घ्या! गाडीची फेरी असते. जाऊन आली की एक फेरी झाली. वडिलांच्या भाषेत गाडी ‘फेऱ्या मारते’, तिचा कोणी पुनर्वापर करत नाही. रॉकेटनंही फेऱ्या माराव्यात.

नळी आणि नोझल

हे मला आवडलं. फाल्कनच्या काही खालच्या भागांच्या तीसहून अधिक फेऱ्या झाल्या आहेत. ‘या रॉकेटची ही विसावी फेरी’ हे वाक्य चटकन कळतं.

पण एक फरक शब्दात उतरला पाहिजे, मुलांच्या पुस्तकात तर नक्कीच. अमेरिकेच्या स्पेस शटललाही (पहिलं उड्डाण १२ एप्रिल १९८१) पुन्हा वापरता येणारं यान म्हणत. तिथे काय व्हायचं? बाजूची दोन घन इंधनाची रॉकेटं पॅराशूटनं अटलांटिकमध्ये पडायची. जहाजं ती ओढून आणायची. मग ती सुटी करून, धुऊन-तपासून, नव्यानं इंधन भरून पुन्हा जोडायची. नारिंगी टाकी तर दरवेळी नवीच, कारण जुनी वातावरणात मोडून नष्ट व्हायची. फाल्कनचा खालचा भाग स्वतःचीच इंजिनं पुन्हा पेटवून वेग कमी करतो, चार पाय उघडतो आणि निघाल्यापासून आठ-साडेआठ मिनिटांत उभा उतरतो. दुसरा टप्पा मात्र परत येत नाही, तेव्हा ‘अख्खं रॉकेट परत आलं’ असं कृपा करून लिहू नका.

वापरलेला भाग पहिल्यांदा पुन्हा उडाला ३० मार्च २०१७ ला. तो एप्रिल २०१६ मध्ये एकदा उडून आलेला होता, म्हणजे मध्ये जवळजवळ वर्ष गेलं. शटलचं आणि याचं काम एकाच ‘पुनर्वापर’ शब्दात कोंबलं की मुलांना नवं काय घडलं ते कळणारच नाही.

पाना-पक्कड

शटलचं जे सांगितलंत त्याला आमच्या धंद्यात रिमोल्ड म्हणतात. टायरचा सांगाडा जुना, वरचा थर नवा. ट्रक चालवणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द माहीत आहे. मराठी शब्दच हवा तर डागडुजी.

दिवाळीतला बाण

इतका वेळ वाट पाहिली, पण अग्निबाण कोणीच काढला नाही. आमच्या लहानपणी बाटलीत ठेवून उडवायचा तो बाण. रॉकेट हा शब्द पाकिटावर असायचा, तोंडात नाही. अठराव्या शतकात हैदर-टिपूच्या फौजेत लोखंडी नळीत दारू ठासलेली शस्त्रं होती, त्यांनाही बाणच म्हणत. म्हणजे वस्तू आणि शब्द दोन्ही आपल्याकडे आधीपासून आहेत. इटालियनमधल्या सूत कातायच्या चातीवरून आलेला ‘रॉकेट’ कशाला हवा?

थेट दुपारी

अग्निबाण मला जुन्या पाठ्यपुस्तकातला वाटतो. शिवाय सुटलेला बाण परत येत नाही हे तर आपण रोज म्हणतो. परत येणाऱ्या वस्तूला नेमका तोच शब्द?

दिवाळीतला बाण

रामाचा आला होता. वाल्मीकींच्या रामायणात रावणाला मारून तो बाण पुन्हा भात्यात शिरतो. आणि जुना म्हणाल तर चेन्नईच्या एका नव्या कंपनीनं आपल्या रॉकेटचं नाव अग्निबाण ठेवलंय, ३० मे २०२४ ला श्रीहरिकोट्याहून त्याची चाचणीही झाली. तमिळनाडूत चालतो, मग आपल्याकडेच का जुना?

इस्रोनंही आपल्या परत उतरणाऱ्या प्रायोगिक यानाला पुष्पक म्हटलं. रामाला अयोध्येला पोचवून कुबेराकडे परत गेलं ते पुष्पक. नाव ठेवणाऱ्यानं विचार केलाय.

नळी आणि नोझल

पुष्पकची गल्लत मात्र करू नका. ते पंखांचं आहे. २ एप्रिल २०२३ ला कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यात हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरनं ते साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलं आणि ते विमानासारखं धावपट्टीवर उतरलं. त्याला यान म्हणणं शोभतं. शेपटावर उभं राहणाऱ्या नळीला यान म्हणावं का, याबद्दल मला शंका आहे.

थेट दुपारी

फाल्कन जाळतो ते शुद्ध केलेलं केरोसीन, म्हणजे आपलं रॉकेलच ना? रेशनच्या रांगेत डबा घेऊन मी उभी राहिले आहे. ‘रॉकेट रॉकेलवर उडतं’ हे वाक्य पुस्तिकेत नक्की घाला. मुलांना रॉकेल आज दिसत नाही, शब्द तरी राहू दे.

सोळापानी

घालते. पण माझा टप्पा तसाच लोंबकळतोय. ‘तळाचं रॉकेट’ आणि ‘वरचं रॉकेट’ केलं तर? ‘तळाचं रॉकेट परत आलं, वरचं पुढे गेलं.’

नळी आणि नोझल

तीन-चार टप्पे असतील तिथे काय करणार? मधलं आणि मधल्याच्या वरचं?

मांडवीकाठ

समुद्रात उतरतं त्याबद्दलही लिहिणार असाल ना? ८ एप्रिल २०१६ ला फाल्कनचा खालचा भाग पहिल्यांदा समुद्रातल्या तरंगत्या तळावर उतरला. त्या तळाला ‘तराफा’ लिहू नका, मी तसं दोनदा वाचलंय. तराफा बांबूंचा नाहीतर पिंपांचा, एका माणसाचा. आम्ही गोव्यात मांडवी नदीत खनिज भरलेल्या बार्ज बघत मोठे झालो. सपाट तळ, रुंद पाठ. रॉकेट उतरतं ती जागा अगदी तशीच असते, फक्त वर माणूस नसतो. बार्जच म्हणा.

रफार

बार्ज इंग्रजी आहे.

मांडवीकाठ

मांडवीत ती आमचीच आहे.

पाना-पक्कड

१३ ऑक्टोबर २०२४ चा व्हिडिओ पाहिलात का? टेक्सासमध्ये स्पेसएक्सच्याच स्टारशिप रॉकेटचा खालचा भाग खाली आला आणि मनोऱ्याच्या दोन हातांनी त्याला पकडलं. मी तो किती वेळा पाहिला मोजलं नाही. मुलांसाठी ‘मनोऱ्याच्या सांडशीनं धरला’ असं लिहा.

नळी आणि नोझल

सांडशी दाबून धरते. इथे दाब नाही. रॉकेटच्या अंगावरचे खुंटे त्या हातांवर टेकतात आणि सगळा भार त्यांवर पेलला जातो. ‘झेलला’ हेच बरोबर.

गल्लीतला यष्टिरक्षक

झेलला! टप्पा पडू न देता.

चिंचेचं झाड

सांडशी म्हणजे पातेलं उतरवायची तीच ना? माझ्या माहेरी सांडशी, सासरी पक्कड. पहिल्या महिन्यात सासूबाईंनी पक्कड मागितली आणि मी हत्यारांची पेटी उघडली होती.

पाना-पक्कड

पक्कड वेगळी, वहिनी. तिच्यात तार कापायचं पातं असतं. सांडशीला पातं नसतं.

सोळापानी

पान गुरुवारी जातंय. ‘फेरी’ ठेवली आहे, रॉकेलही. टप्प्यापाशी पेन्सिलीची खूण तशीच आहे.

लाल डबा

सांडशीला आमच्याकडे चिमटाही म्हणायचे. की तो फक्त पोळीचा?