फ्रेझल व्हर्ब्ज: याद्या पाठ कराव्यात की वाचत सुटावं?

वाचनवेल्हाळ
फ्रेझल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि अप, ऑफसारखा छोटा शब्द यांची जोडी, जिचा अर्थ बहुधा वेगळाच निघतो. 'गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे' अशा दोनशे-तीनशे जोड्यांच्या याद्या घोकणं बंद करा, असं माझं स्पष्ट मत. अशा यादीत एका जोडीसमोर एकच अर्थ असतो. मीटिंग 'पुट ऑफ' केली तर ती पुढे ढकलली, हे ठीक. पण 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे त्या वासानं नकोसं झालं. यादी पाठ असलेला माणूस इथे वासानं कोणाला पुढे ढकललं ते शोधत बसतो.

आपल्या 'लागणे'कडे बघा. भूक लागते, नोकरी लागते, आग लागते, डोळा लागतो, ठेच लागते. याची यादी कोणी पाठ केली होती? कानावर पडून पडून अंगवळणी पडलं. इंग्रजी तितकं कानावर पडत नसेल तर तेच काम डोळ्यांकडून करून घ्यायचं.

पुस्तक संवाद जास्त असलेलं, गोष्टीचं घ्या. फ्रेझल व्हर्ब्ज बोलण्यात आणि कथा-कादंबऱ्यांत भरपूर, विद्यापीठीय लेखनात सगळ्यात कमी. पानावर 300 शब्द असतील तर अनोळखी 6 च्या वर नकोत, म्हणजे 98 टक्के ओळखीचे. जास्त निघाले तर शब्दसंख्या बांधून सोपी केलेली पुस्तकं मिळतात, साधारण 400 शब्दांपासून 2500 पर्यंत पायऱ्या असतात. कोश उघडायचा तो प्रकरण संपल्यावर.

खडूफळा
असहमत. तुमचा 98 टक्क्यांचा हिशेब नेमका फ्रेझल व्हर्ब्जपाशीच फसतो. 'शी गॉट ओव्हर इट.' चारही शब्द नवशिक्याला येणारे, अनोळखी शून्य. वाचक पुढे निघून जातो. ती त्यातून सावरली हे त्याला कळलेलं नसतं, आणि कळलं नाही हेही कळलेलं नसतं. अवघड शब्द निदान पायात येतो, हे पायात येतच नाही.

त्यात जोडी तुटलेली असली तर विचारूच नका. 'ही टर्न्ड द होल आयडिया डाउन' (त्यानं ती कल्पनाच नाकारली) यात 'टर्न्ड' आणि 'डाउन'च्या मध्ये तीन शब्द घुसलेत. नवा वाचक 'वळला' एवढं धरतो आणि 'डाउन' वाऱ्यावर सोडतो.

मूळ, सोपी न केलेली कादंबरी 98 टक्के कळायला 8 ते 9 हजार शब्दकुळं लागतात, असा शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांचा 2006 मधला हिशेब आहे (एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक कुळ). तिथवर पोचेपर्यंत नुसतं वाचतच राहायचं? गार्नियर आणि श्मिट या भाषासंशोधकांनी 2015 साली 150 फ्रेझल व्हर्ब्जची यादी केली. वापरात जास्त येणारे अर्थ तेवढे घेतले, तर ते 288 भरले. म्हणजे जोडीमागे दोनसुद्धा नाहीत. एवढं दोन-तीन महिन्यांत होतं. वाईट याद्यांचा राग चांगल्या यादीवर काढू नका.

अव्ययीभाव
दोघंही शेपूट सोडून बोलताय. अर्थ शेपटात असतो. 'ईट अप', 'यूज अप' यातला 'अप' म्हणजे पुरतं संपवणं, 'खाऊन टाक'मधलं 'टाक' जे करतं तेच. आठ-दहा शेपटं शिकलात की यादी नको.

खडूफळा
फॉर्म 'फिल इन' करतात आणि 'फिल आउट'ही करतात. अर्थ एकच. आता 'इन' आणि 'आउट'चं तर्कशास्त्र सांगा.

अव्ययीभाव
रिकाम्या जागेत भरलं म्हणून 'इन', भरून पूर्ण झाला म्हणून 'आउट'.

खडूफळा
हे पेपर सोडवून झाल्यावर सुचलेलं उत्तर. अर्थ आधी माहीत होता म्हणून कारण जमलं. लक्षात ठेवायला बरं, ओळखायला निरुपयोगी.

वाचनवेल्हाळ
'गॉट ओव्हर'चा मुद्दा मान्य. पण त्यावर उपाय वाचनातच आहे. प्रकरण संपलं की त्यातलं एकच पान पेन्सिल घेऊन पुन्हा वाचायचं. अप, डाउन, ऑफ, आउट, ओव्हर, इन, ऑन, बॅक, दिसेल त्याला गोल. मग प्रत्येक गोलाला विचारायचं: इथे खरंच काही वर-खाली, आत-बाहेर होतंय का? 'ही लुक्ट अप फ्रॉम द पेपर' यात मान खरंच वर झाली, सोडून द्या. 'ही लुक्ट अप द वर्ड' (शब्द कोशात पाहिला) यात काहीच वर गेलं नाही, म्हणजे जोडी आहे. दिशा खोटी निघाली की डावीकडे सरकत क्रियापद गाठायचं. तुमचं 'टर्न्ड... डाउन' असंच सापडतं. पानाला पाच मिनिटं पुरतात.

सरळरेघ
सापडेल हो, पण वापरता येईल का? भरपूर वाचणारेही 'पिक अप इट' लिहितात. वाचताना शब्द मागेपुढे असले तरी अर्थ लागतो, म्हणून क्रम डोळ्यात बसतच नाही. वहीत प्रत्येक जोडी 'इट' घालून लिहा: 'पिक इट अप', 'पुट इट ऑफ', पण 'लुक आफ्टर इट', 'रन आउट ऑफ इट'. 'इट' मध्ये की शेवटी, हे एका नजरेत दिसतं. समोर मराठी अर्थ नको, पुस्तकातलं वाक्य लिहा आणि जोडीच्या जागी रेघ. दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी रेघ भरून बघा. प्रकरणामागे 5 नोंदी बास. वीस लिहिल्या तर वही भरते, डोकं नाही.

आणि 'पिक इट अप' म्हणताना जोर 'अप'वर येतो, हे मुकं वाचन कधीच सांगणार नाही. एखादं पान ऑडिओबरोबर वाचा.

वाचनवेल्हाळ
'इट'ची युक्ती झकास. फक्त वही पुस्तकाशेजारी नको. ती दिसली की माणूस गोष्ट सोडून शिकारीला निघतो. नोंदी दुसऱ्या दिवशी करा, पेन्सिलीचे गोल कुठे पळून जात नाहीत.

खडूफळा
आणि त्या पाच निवडायच्या कशा? 'पीटर आउट' (हळूहळू विरून जाणे) विचित्र दिसतं म्हणून वहीत जातं, आणि 'गो ऑन' पानोपानी असूनही सुटतं, कारण ते ओळखीचं वाटतं. 'चालू राहणे' आणि 'घडणे' हे त्याचे दोन्ही अर्थ येतात का, हे कोणी तपासत नाही. म्हणून गोल केलेल्यांपैकी आधी 150 मधल्या उचला. 'पीटर आउट' आणखी दोनदा भेटलं तर बघू.