मदत हवी आहे: ओल्ड बेलीच्या (लंडनचे फौजदारी न्यायालय) बनावट दस्तऐवज खटल्यांत ‘रिलीज’चा (येणे सोडल्याचा लेख) उल्लेख कसा शोधावा?

१७२९च्या कायद्याने बाँड, मृत्युपत्र, हुंडी बनावट करणे इंग्लंडमध्ये फाशीचा गुन्हा ठरला. पण ज्याच्या नावाने खोटी सही झाली, त्याची साक्ष हितसंबंधामुळे चालत नसे, कारण कागद खरा ठरल्यास पैसे त्यालाच द्यावे लागले असते. कागद ज्याच्या हाती, त्याने ‘याच्याकडून काही येणे नाही’ असा रिलीज लिहून दिला तरच ज्याची सही खोटी केली तो साक्षीला उभा राही. हा रिलीज प्रत्यक्षात किती खटल्यांत दिला गेला, हे मला मोजायचे आहे.

ओल्ड बेलीचे छापील वृत्तांत ऑनलाइन आहेत. त्यात १७३० ते १७९९ची वर्षे आणि ‘फोर्जरी’ हा गुन्हा निवडून ‘रिलीज’ शब्द शोधला. बहुतेक उतारे कैदी सोडण्याचे निघाले. पेरो बंधू (१७७५) आणि डॉ. डॉड (१७७७) यांचे बनावट बाँडचे खटले पूर्ण वाचले. मुख्य अडचण अशी, की वृत्तांतकार कायद्याचे युक्तिवाद बरेचदा गाळतात. त्यामुळे उल्लेख नाही म्हणून रिलीज नव्हता असे धरता येत नाही.

खोटी नाणी आणि साधी फसवणूक नको. लंडनला जाणे शक्य नाही, स्कॅन चालतील.

शोधासाठी नेमके कोणते इंग्रजी शब्दप्रयोग वापरावेत, आणि वृत्तांतात गाळलेला रिलीज दुसऱ्या कोणत्या न्यायालयीन कागदात सापडू शकेल?