ग्वाल्हेर : शिडाच्या होड्यांच्या क्लबचा रौप्यमहोत्सव कसा आखावा?

तिघराकाठ (प्रश्न)

नमस्कार. तिघरा जलाशयावर शिडाच्या छोट्या होड्या चालवणाऱ्या आमच्या क्लबला येत्या जानेवारीत पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. सभासद चाळीसच्या आसपास आहेत आणि त्यांतली निम्मी तरी लष्कर भागातली मराठी घरे आहेत. होड्या म्हणाल तर सहा ऑप्टिमिस्ट (मुलांच्या छोट्या), तीन लेझर (एकट्याने चालवायच्या, जलद) आणि दोन एंटरप्राइज (दोघांनी चालवायच्या, दोन शिडांच्या). जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, स्थापनेच्या दिवशीच, सकाळी शर्यत, दुपारी भोजन आणि नंतर सत्कार व भाषणे असा समितीचा बेत आहे.

मला तो बेत पटत नाही, पण त्याऐवजी काय करावे हेही नीट सुचत नाही. एकाच शर्यतीत दहा वर्षांची मुले आणि लेझरवरचे तरबेज तरुण यांना कसे उतरवायचे? ज्यांनी आम्हा सर्वांना शीड धरायला शिकवले, ते आमचे संस्थापक काका आता ८१ वर्षांचे आहेत. त्यांना पुन्हा एकदा होडीत बसायचे आहे, परंतु त्यांचे गुडघे वाकत नाहीत. शिवाय पाहुण्यांपैकी बऱ्याच जणांना पोहता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भोपाळचा बडा तालाब

दादा, सर्वप्रथम तारीख बदला. जानेवारीच्या आरंभी ग्वाल्हेरला सकाळी दाट धुके असते, पुढचा बोया (शर्यतीच्या वळणाची तरंगती खूण) दिसत नाही, आणि धुके असते तेव्हा वाराही बहुधा पडलेलाच असतो. मुले थंडीने काकडत तासभर जागच्या जागी बसतील आणि त्यांना हा दिवस कायमचा नकोसा होईल. दिवाळीनंतर धरण भरलेले असते, परंतु तेव्हाही वारा मंदच असतो. मार्चमध्ये दुपारचा पश्चिमेचा वारा चांगला लागतो. त्या वेळी पाणी मात्र उतरलेले असते, म्हणून होड्या उतरवण्याची जागा दोन आठवडे आधी प्रत्यक्ष पाहून ठरवा आणि चिखलावर टाकायला फळ्या ठेवा. स्थापनेच्या दिवशी घरगुती पूजा करावी आणि मोठा कार्यक्रम वाऱ्याच्या सोयीने ठेवावा.

शर्यतीसाठी पाठलागाची पद्धत घ्या. सर्वांत संथ होडी आधी सुटते, जलद होड्या हिशेबाने उशिरा सुटतात, आणि ठरलेली वेळ संपताच जी होडी पुढे असेल ती जिंकते. हिशेबाला पोर्ट्समथ यार्डस्टिकचे अंक वापरतात, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या होडीला तिच्या वेगावरून दिलेला अंक; अंक मोठा तितकी होडी संथ. ऑप्टिमिस्टचा अंक साधारण १६०० आणि लेझरचा ११०० धरला, तर साठ मिनिटांच्या शर्यतीत लेझरने ६० गुणिले ५०० भागिले १६००, म्हणजे पावणेएकोणीस मिनिटे उशिरा सुटायचे. एंटरप्राइजचा अंक लेझरच्या जवळपासच आहे. हे अंक ब्रिटनमधल्या क्लबांच्या निकालांवरून काढलेले असल्यामुळे नवशिक्या मुलांना आणखी दोन-तीन मिनिटे द्यायला संकोच करू नका. या पद्धतीचा मोठा लाभ असा की, काठावरच्या आजीलाही कोण पुढे आहे ते कोणी न सांगता कळते.

वडोदरेकर

आमच्या शहरात १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीची नाव उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. त्या दिवसापासून मी पाण्यावरच्या कोणत्याही कार्यक्रमाची आखणी जाकिटांच्या मोजणीपासून सुरू करतो. शीड चालवणारे पोहणारे असतात, म्हणून त्यांना ५० न्यूटनचे (न्यूटन हे तरंगवण्याच्या जोराचे माप) तरंगते जाकीट चालते, कारण मदत जवळच असते. न पोहणाऱ्या पाहुण्याला मात्र किमान १०० न्यूटनचे, त्याच्या अंगाच्या मापाचेच जाकीट हवे. बंद बांधल्यावर खांद्याशी धरून वर ओढून पाहावे, ते हनुवटीवर सरकले तर ते त्याचे नव्हे. जितकी जाकिटे, तितकेच पाहुणे पाण्यावर, मग ते कितीही मानाचे असोत. मोटारीच्या दोन बचाव होड्या ठेवाव्यात आणि त्यांतील माणसांना त्या दिवशी फोटो काढण्याचे कामही देऊ नये.

तिघऱ्याचे पाणी शहर पिते. धरणाच्या विभागाची लेखी परवानगी आधी घ्या, पेट्रोल काठापासून दूर भरा, आणि पत्रावळी-पेले कितीही स्वस्त पडले तरी प्लास्टिकचे आणू नका.

लष्करची ताई

काकांविषयी लिहिते, कारण माझ्या वडिलांसाठी आम्ही हेच केले होते. एंटरप्राइजला मोठे शीड लावूच नका. ते नसले की बूम (त्या शिडाच्या खालचा आडवा दांडा) नाही, बूम नसली की डोके वाकवून बाजू बदलण्याचा प्रश्न नाही. बचाव होडीने एंटरप्राइज वारा जिकडून येतो त्या दिशेला ओढत न्यावी, तिथे दोर सोडावा आणि फक्त पुढच्या शिडावर, वारा पाठीशी घेऊन, संथपणे काठाकडे यावे. सोबत दोन अनुभवी माणसे असावीत, त्यांतल्या एकाने सुकाणूवर काकांच्या हाताशेजारी हात ठेवावा. होडी गुडघाभर पाण्यात स्थिर धरून काकांना खुर्चीसकट उचलून आत बसवता येते. ही फेरी सकाळी, वारा वाढण्याआधी, उरकून घ्या.

भाषणेही सकाळीच आटोपावीत, कारण दुपारचा वारा कोणाच्या भाषणासाठी थांबणार नाही. त्या वेळी पोहे आणि चहा पुरे. श्रीखंड-पुरी, मसालेभात शर्यतीनंतर. जेवलेल्या पोटी मुलांना होडीत वाकून बसवणे बरे नव्हे. तिघऱ्याचे धरण १९१६ चे, आणि विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्यास बसवलेल्या स्वयंचलित दारांची पद्धत पुढे इथेही आली. जुन्या छायाचित्रांच्या फलकावर एवढा मजकूर अवश्य लावा, मराठी पाहुणे त्यापाशी थांबतील.

तिघराकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. समितीपुढे हा धागा वाचून दाखवला. दहावीच्या मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर, मार्चअखेरच्या रविवारी कार्यक्रम करण्याचे ठरले. जाकिटे मोजली, ती सव्वीस निघाली आणि त्यांतली फक्त नऊ १०० न्यूटनची, त्यामुळे पाण्यावर जाणाऱ्या पाहुण्यांची यादी नऊवरच थांबवली आहे. काकांना ताईंची युक्ती सांगितली. त्यांनी सर्व नीट ऐकून घेतले आणि पुढचे शीड कोणते, जुने की नवीन, एवढेच विचारले. जुने शिवून घ्यायला काल दिले आहे.