'आजीव' म्हणजे नक्की किती वर्षं?

आमच्या शिक्षणसंस्थेची घटनादुरुस्ती माझ्या गळ्यात पडलीये. जुन्या घटनेत एकाच पानावर 'आजीव सेवक' आहे आणि 'आजीव सभासद'ही. एक तरुण विश्वस्त म्हणतात, दोन्ही एकच, एक उडवा. मला पटत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

— ताई, उडवू नका! आजीव सभासद म्हणजे ज्याने एकरकमी वर्गणी भरली आणि दरसालच्या पावतीतून सुटला. वार्षिक सभेला यायचं, हात वर करायचा, चहा घ्यायचा. आजीव सेवक मात्र संस्थेतच आयुष्य घालवायला बसलेला. रयत शिक्षण संस्थेत हा शब्द याच अर्थाने रुळला. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे (१८८४) मूळचे आजीव सदस्यही त्याच जातीचे: शिकवायचं आपणच, संस्था चालवायची आपणच. गोखल्यांनी महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं बांधून घेतली होती. बाहेर कमाई करावी का, बाहेरची कामं घ्यावीत का, याच भांडणात टिळक १८९० मध्ये बाहेर पडले.

— वीसच वर्षं? मग 'आजीव' कसलं!

— काका, मूळ संस्कृतात 'आजीव' म्हणजे पोट भरण्याचं साधन. बौद्धांचा 'सम्यक् आजीव' तोच. आपण त्याला 'आमरण'मधला 'आ' लावून 'जिवात जीव असेतो' असा अर्थ दिला. 'आजन्म'ची गंमत तर याहून मोठी. 'आ' म्हणजे 'पर्यंत' तसा 'पासून'ही. त्यामुळे मुळात 'जन्मापासून' असलेला शब्द मराठीत 'जन्मभर' झाला. त्यापेक्षा जुना 'तहहयात' बरा, त्यात शंकेला जागाच नाही.

— व्युत्पत्ती राहू द्या, घटनेत व्याख्या लिहा. सेवकाची मुदत, निवृत्तीचं वय, मताचा हक्क, सगळं. आणि 'बदल' हा शब्दही जपून वापरा. तरुण विश्वस्तांना बदल म्हणजे नवे वारे वाटत असतील. धर्मादाय कार्यालयात बदल म्हणजे सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ चा बदल अर्ज, विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांच्या आत. त्याला 'फेरफार' म्हणू नका, तो सातबाऱ्याचा.

— सगळ्यांचे आभार. दोन्ही शब्द ठेवते, व्याख्येसकट. काल आजीव सभासदांची यादी काढली. चौदा नावं, त्यातले पाच जण कधीच वारलेत. नावं कोणी कमी केली नाहीत, म्हणून गणपूर्ती अजून चौदावरच धरतात आणि दर सभा अर्धा तास तहकूब होते.