पहिल्या आकाशदर्शनात मोबाईलवरचा तारानकाशा बंदच ठेवावा

ध्रुवमत्स्य
वांगणीच्या माळावर आकाशदर्शनाच्या शिबिराला हल्ली नवी मंडळी पोचली की सतरंजी पसरायच्या आधी फोन आकाशाकडे धरतात. स्क्रीनवर नाव आलं की त्या ताऱ्याचं काम संपलं! माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या रात्री स्टेलॅरियम (आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर) वगैरे काहीही उघडू नये. डोळे अंधाराला पुरते सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. उजळ स्क्रीनकडे बघितलं की ते सगळं वाया, शेजाऱ्याचंसुद्धा.

आणि अंतरांचा अंदाज कधी येणार? हात ताठ करून मूठ धरली की ती आकाशात साधारण 10 अंश झाकते. पुण्याहून ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींना जरा कमी. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे वळा, अगस्त्यही जवळपास तेवढ्याच उंचीवर सापडेल. हे स्वतःच्या मुठीने मोजलेला माणूस दिशा विसरत नाही.

सातवा मजला
अजिबात पटलं नाही. तुमच्याकडे माळ आहे, आमच्याकडे दादरची गच्ची. व्याध, मृगाचे ठळक तारे, एखादा ग्रह, संपलं आकाश. आजूबाजूचे तारेच दिसत नसतील तर ओळख पटवायची कशावरून? स्टेलॅरियममध्ये प्रकाशप्रदूषणाची पातळी बदलता येते. ती शहराइतकी ठेवली की स्क्रीनवर गच्चीवरून दिसतात तेवढेच तारे उरतात. मग एकेक पायरी कमी करत जायचं. माझ्या मुलीला देवयानी दीर्घिका नेमकी कुठे लपलीय हे असंच कळलं. डोळ्यांची अंधाराची सवय मोडू नये म्हणून रात्रीसाठी लाल मोड आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे. शिबिराला जायची सोय प्रत्येकाला नसते हो.

ध्रुवमत्स्य
गच्चीची अडचण खरी आहे. पण लाल मोडसुद्धा ब्राइटनेस पूर्ण उतरवला तरच उपयोगाचा, आणि तो कोण उतरवतं? शिवाय गाडीजवळ, लोखंडी कठड्यापाशी किंवा चुंबकाच्या कव्हरमध्ये फोनचं होकायंत्र भरकटतं. नकाशा बाजूला सरकतो आणि नवखा माणूस भलत्याच ताऱ्याला शनी समजून घरी जातो.

त्याहून मोठा मुद्दा मृगातल्या तांबूस काक्षीचा, म्हणजे बीटलज्यूस ताऱ्याचा. 2019च्या अखेरीपासून ती मंद होत गेली. एरवी प्रत (तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) सुमारे 0.5, फेब्रुवारी 2020मध्ये 1.6च्या आसपास. रोहिणीपेक्षाही फिकी! ताऱ्यानेच बाहेर टाकलेल्या धुळीने प्रकाश अडवला होता. साध्या डोळ्यांना कळेल असा हा बदल नकाशात मात्र नव्हता. कारण नकाशा आकाश दाखवत नाही, यादी दाखवतो.

सातवा मजला
पण ‘एरवी 0.5’ हे तुम्हाला यादीनेच सांगितलं ना? नेहमीचं तेज ठाऊक नसलेल्या माणसाला काक्षी मंद झालीय हे कळणारच नाही.

जुनी पोथी
दोघांनीही सॉफ्टवेअरचं खरं बळ बाजूलाच ठेवलंय. आयुष्यभर माळावर झोपलात तरी न दिसणारी गोष्ट आहे ती: काळ.

शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात म्हटलंय की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. भारतीय ज्योतिषशास्त्राचे अभ्यासक शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी त्यावरून त्या उल्लेखाचा काळ इ.स.पूर्व 3000च्या सुमारास नेला. आज पुण्याहून बघाल तर कृत्तिका पूर्वेपासून उत्तरेला सुमारे 25 अंशांवर उगवतात. आता संगणकावरच्या स्टेलॅरियममध्ये पुणे निवडा, वर्षाच्या चौकटीत -2999 घाला (तिथे शून्य वर्ष धरतात, म्हणून एक कमी), ‘ए’ दाबून वातावरण घालवा आणि कृत्तिका उगवेपर्यंत वेळ पुढे न्या. अगदी पूर्वेला! उत्तरेकडे वळलात तर ध्रुवाच्या जागी कालेय नाग या तारकासमूहातला ठुबान हा तारा दिसेल. दीक्षितांनी हे गणित कागदावर मांडलं. त्या वचनाचा अर्थ तसाच घ्यावा का, यावर विद्वानांत वाद आहे, पण निदान आकाशाची बाजू आज कुणालाही घरबसल्या पडताळता येते. परांचन गती (पृथ्वीच्या अक्षाची संथ गिरकी, जिच्यामुळे हे सगळं बदलतं) शिकवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

मास्तर_सोलापूर
आठवीच्या वर्गाला मी दुपारी प्रोजेक्टरवर त्याच संध्याकाळचं आकाश दाखवतो. मुलं रात्री घरी जाऊन शर्मिष्ठेचा ‘एम’ स्वतः शोधतात. आधी नकाशा, मग आकाश. उलट क्रमाने निम्मी मुलं कंटाळतात.

ध्रुवमत्स्य
मास्तर, तुमच्या मुलांच्या हातात रात्री फोन नसतो, माझं म्हणणं तेवढंच आहे. कृत्तिकांचा प्रयोग घरी जरूर करावा, मीही करणार आहे. माळावरची पहिली रात्र मात्र मुठीने मोजायची. यंदाच्या शिबिरात सुरुवातीचा एक तास सगळे फोन पिशवीत, हे मी सुचवणारच.

सातवा मजला
आणि मी विरोध करणार. पिशवीत ठेवायला लावण्याऐवजी ब्राइटनेस कसा उतरवायचा आणि होकायंत्र कसं सुधारायचं हे पहिल्या दहा मिनिटांत शिकवा.